स्वस्तातली कार्बन सायकल

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतील पोरांना सायकल शर्यतीचे वेड लागले आहे आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे. नाक्यावर उभे राहण्यापेक्षा पहाटे उठून तीस-चाळीस किलोमीटर सायकल मारून येणारा मुलगा कोणत्या आईबापाला नको असेल? अडचण पुढे येते. शर्यतीत दोन-चार वेळा मागे पडला की पोरगा घरी येऊन म्हणतो, "बाबा, माझी सायकल जड आहे, कार्बनची पाहिजे." बाबांना कार्बन म्हटले की टायपिंगचा निळा कागद आठवतो. मग मोबाईलवर चित्र दाखवले जाते. नावाजलेल्या कंपनीची सायकल दोन-तीन लाखांना. तशीच दिसणारी फ्रेम आणि चिमटा चीनहून थेट मागवला तर चाळीस-पंचेचाळीस हजारांत. पोराला वाटते दोन लाख वाचले. आईला वाटते पंचेचाळीस हजार गेले. अशा घरांतून आमच्याकडे वरचेवर विचारणा होते, म्हणून आजचे सदर या विषयाला दिले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. कार्बन फायबर म्हणजे कार्बनचे अतिशय बारीक तंतू. एका तंतूची जाडी पाच ते सात मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी. हे तंतू इपॉक्सी नावाच्या चिकट राळेत भिजवून त्यांचे पातळ पट्टे तयार करतात. ते पट्टे कापून ठरलेल्या दिशेने एकावर एक साच्यात बसवायचे, आत फुगा फुगवून दाब द्यायचा आणि साचा तापवायचा. एका फ्रेमला असे शेकडो तुकडे लागतात आणि ते हातानेच लावावे लागतात. तैवानमध्ये आणि चीनच्या शियामेन, शेन्झेन, डोंगग्वान भागात ही कामे चालतात. लावणारे हात आपल्यासारख्याच कामगारांचे असतात. सांगायचा मुद्दा असा की, कार्बनची फ्रेम यंत्रातून भराभर बाहेर पडणारी वस्तू नाही. एखादा पट्टा दुमडला, एखाद्या सांध्यात हवेचा बुडबुडा राहिला, एखाद्या ठिकाणी राळ कमी पडली, तर ते रंगाखाली झाकले जाते आणि घेणाऱ्याला दिसत नाही.

लोखंडाची गोष्ट निराळी. लुधियानाच्या जुन्या सायकली आपण सगळ्यांनी चालवल्या आहेत. दांडी वाकली तर दिसायची, मिस्त्री ठोकून सरळ करायचा, सांधा सुटला तर डाग देऊन मिळायचा. लोखंड मोडण्याआधी बहुधा वाकते, म्हणजे इशारा देते. कार्बन ज्या दिशेने भार घेण्यासाठी बनवला त्या दिशेने फार मजबूत असतो. पण बाजूने ठोकर बसली, सायकल फूटपाथच्या कडेवर पडली, तर आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि वरचा रंग मात्र तसाच चकचकीत राहतो. पुढे कधीतरी उतारावर, खड्ड्यात, तो एकदम मोडतो. पुढचा चिमटा मोडला तर माणूस तोंडावरच पडतो. जबड्याच्या आणि दातांच्या उपचाराचा खर्च किती येतो हे ज्यांनी सोसले आहे त्यांना विचारावे.

म्हणून चिनी माल सगळा वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. लाखांच्या सायकलींच्या फ्रेमही बहुतेक चीन-तैवानमध्येच तयार होतात. काही चिनी कारखाने आता स्वतःच्या नावाने माल विकतात, चाचणीचा दाखला देतात, काही वर्षांची हमीही देतात. फरक देशाचा नाही. चाचणी कोणी केली आणि उद्या काही झाले तर जबाबदार कोण, हा फरक आहे. सायकलच्या सुरक्षेसाठी आयएसओ ४२१० नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात फ्रेमवर वजन पाडून पाहतात, पायडलवर एक लाख वेळा दाब देऊन पाहतात. विकणाऱ्याकडे त्या चाचणीचा अहवाल मागावा, आणि अहवालावरचा मॉडेल नंबर आपण घेत असलेल्या फ्रेमचाच आहे का ते ताडून पाहावे. एका फ्रेमचा अहवाल दाखवून दुसरी विकणारेही असतात. आम्ही कारकुनी करणारी माणसे, कागदावरचा नंबर जुळल्याशिवाय पुढे जात नाही. येथेही जाऊ नये.

याउलट फ्रेमवर छापलेल्या टी-७००, टी-८००, टी-१००० या आकड्यांना फार महत्त्व देऊ नये. हे आकडे जपानच्या तोरे कंपनीच्या तंतूंच्या दर्जाचे आहेत. आतमध्ये खरेच तो तंतू आहे का, हे फ्रेम कापून तपासल्याशिवाय तुम्हा-आम्हाला कळणार नाही. शिवाय एका फ्रेममध्ये जागोजागी वेगवेगळे तंतू वापरावे लागतात. उत्तम कापडाचा भाव सांगून शिलाई दाखवायला नकार देणाऱ्या शिंप्याकडून आपण सदरा शिवून घेतो का? आणि ज्या फ्रेमवर एखाद्या प्रसिद्ध इटालियन कंपनीचे नाव रंगवलेले आहे पण किंमत दहाव्या हिश्श्याची आहे, ती सरळ नकली समजावी. पिनारेलो कंपनीच्या अशा नकला इतक्या झाल्या की सायकलस्वारांनी त्यांना 'चायनारेलो' असे नावच पाडले. जो नावाची चोरी करतो तो आतली राळ प्रामाणिकपणे भरेल, यावर आमचा विश्वास नाही.

फ्रेम मजबूत निघाली तरी दुसरा प्रश्न राहतो, तो भाग बसण्याचा. आमच्या ओळखीच्या एका तरुणाची हकीकत सांगतो. वर्कशॉपमध्ये पाळीचे काम, आईच्या भिशीचे पैसे आणि पतपेढीचे थोडे कर्ज, असे जमवून त्याने फ्रेम मागवली. पायडलचा आस ज्या पोकळीत बसतो, ज्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात, ती या फ्रेमवर विनाआट्यांची होती. बेअरिंगची वाटी नुसती दाबून बसवायची. अशा पोकळीचा एक प्रचलित व्यास ४१ मिलिमीटर आहे आणि त्यात केसाएवढाही फरक चालत नाही. मिस्त्रीने वाटी बसवून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, हे घर गोल नाही." एका बाजूने घट्ट, एका बाजूने सैल. ओढूनताणून बसवली, तर पंधरा दिवसांत चढावर कुरकुर सुरू झाली आणि बेअरिंग गेले. नवे घातले, तेही गेले. विक्रेत्याशी पत्रव्यवहार केला तेव्हा आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ मागितला, शेवटी थोडे डॉलर परत करतो म्हणाले. फ्रेम परत पाठवायचे भाडेच त्याहून जास्त. तो आता जुन्याच सायकलवर सराव करतो. पतपेढीचे हप्ते मात्र चालू आहेत.

यातून एक उघड गोष्ट निघते. कार्बन घ्यायचाच तर आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असलेली फ्रेम निवडावी. आटे बीएसए मापाचे, ६८ मिलिमीटर रुंदीचे असले तर सुटे भाग कोठेही मिळतात आणि साधा मिस्त्रीही बसवू शकतो. सीटच्या दांडीचे माप २७.२ मिलिमीटरचे गोल असेल तर तीही बाजारात मिळते. वेगळ्याच आकाराची असेल तर मोडल्यावर पुन्हा चीनकडे तोंड. मागचा गिअर ज्या छोट्या कानाला टांगतात तो हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. सायकल उजव्या बाजूला पडली की पहिला तोच वाकतो. फ्रेमसोबतच दोन जादा मागवून ठेवावेत.

मिस्त्रीलाही सांभाळून निवडावे. लोखंडावर हात बसलेला माणूस नट आवळताना शेवटचा एक झटका देतो, त्याची ती सवयच असते. कार्बनला तो झटका सोसत नाही. सीटच्या क्लँपवर बहुधा ५ न्यूटन मीटर असे छापलेले असते. त्यासाठी आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना लागतो. पाना महाग वाटला तर चार-पाच पोरांनी मिळून घ्यावा. सीटची दांडी घसरते म्हणून जास्त आवळू नये. कार्बनसाठी खरखरीत पेस्ट मिळते, ती लावावी, ग्रीस लावू नये. चिमट्याची वरची नळी कार्बनची असेल तर तीत ठोकून बसवायची चांदणी घालू नये, आतून फुगणारा प्लग घालावा. ठोकलेल्या चांदणीने नळीला आतून चीर जाते आणि ती चीर हँडलखाली लपलेली राहते.

रिमबद्दल एवढेच की, रबराचे ब्रेक असतील तर स्वस्त कार्बन रिम घेऊच नये. खंडाळ्याचा किंवा खंबाटकीचा घाट उतरताना सतत ब्रेक धरला तर रिम तापते, राळ मऊ पडते आणि रिम सोलून निघू शकते. अॅल्युमिनियमची रिम चार घोट वजनाने जास्त, पण घाटात भरवशाची.

आता शरीराच्या मापाकडे वळू. पैसे नसताना घेतलेल्या सायकलीत येथे फार फसगत होते, कारण दुकानात बसून पाहण्याची सोय नसते. एका कारखान्याची ५४ दुसऱ्याच्या ५४ इतकी असेलच असे नाही. आकडा सोडून द्यावा आणि दोन मापे मागावीत. पायडलच्या आसापासून हँडलच्या मानेपर्यंतचे आडवे अंतर, त्याला रीच म्हणतात. आणि तेवढ्याचेच उभे अंतर, तो स्टॅक. ज्या सायकलीवर मुलाला आज आराम वाटतो तिची हीच मापे टेपने काढून ताडून पाहावीत. सीटची उंची ठरवायला एक जुनी रीत आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, मांड्यांमध्ये जाड पुस्तक वरपर्यंत धरावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे. त्याला ०.८८३ ने गुणले की आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर येते. ८० सेंटीमीटर असतील तर ७०.६. ही रीत ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने ओळखली जाते. त्याने १९८६ मध्ये कार्बनच्या सायकलवर टूर द फ्रान्स जिंकली होती. सीट वरखाली करता येते, पण फ्रेमच लांब असली तर मान, कंबर आणि बोटांच्या मुंग्या यांवर इलाज नाही. हँडल आणि स्टेम एकाच तुकड्यात जोडलेले असते ते दिसायला छान, पण लांबी बदलायची तर सगळेच बदलावे लागते. वाढत्या वयाच्या मुलासाठी ते घेऊ नये.

मोठ्या कंपन्या चुकत नाहीत असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने २०१९ च्या जुलैपूर्वी बनवलेल्या आपल्या काही अकरा-स्पीड क्रँक तपासणीसाठी परत बोलावल्या. चिकटवलेले भाग सुटत होते. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ लाख ८० हजार नग होते. सदोष नग कंपनीने विनामूल्य बदलून द्यायचे ठरले. बिननावाच्या फ्रेमचे असे काही निघाले तर तुम्हाला कळवणार कोण?

आमचे मत विचाराल तर पंचेचाळीस हजारांत अॅल्युमिनियमची संपूर्ण सायकल घ्यावी, नुसती फ्रेम नव्हे. पोरगा मागे पडतो तो बहुतेक वेळा सरावाने, किलोभर वजनाने नव्हे. जुनी, पडलेली कार्बन सायकल तर कोणी अर्ध्या किमतीत दिली तरी घेऊ नये. नाण्याने ठोकून आवाज ऐकायची एक युक्ती आहे, बोदा आवाज आला तर शंका घ्यावी. पण खणखणीत आवाज आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

तरीही घेतलीच, तर भारतात दुकान किंवा नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून पक्क्या पावतीवर घ्यावी. अलीएक्सप्रेस या चिनी बाजारावर आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातली; आडमार्गाने मागवलेल्या मालाची दाद मागणे फार कठीण. येथला विक्रेता असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करावा. तेथे न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. खोके उघडतानाचा व्हिडिओ काढावा, आणि फ्रेमचा नंबर, जो बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली असतो, तो पावतीवर दुकानदाराच्या हातानेच लिहून घ्यावा.