औषध नाही, जहर म्हणा

आपल्या वऱ्हाडात पऱ्हाटीवर 'औषध मारतात'. मी म्हणतो, कायचं औषध? बोंडअळी मरो न मरो, पंप पाठीवर घेणारा माणूस मरतो. जहराला जहर म्हणा.

२०१७ चा खरीप आठवा. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. अकोला-अमरावतीतही बाधा झाली. पऱ्हाटी डोक्याएवढी, वारा बंद, दोन-तीन जहरं एकत्र कालवलेली. डोळे चुरचुरले, ओकारी आली, तर मालक म्हणे, 'निंबू चोख, होते बरं.'

काय बरं होते? मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही जहरं श्वासातून जातात, कातडीतूनही जातात. नसांचा कारभार बिघडवतात. बाहुली बारीक होते, लाळ गळते, छाती भरते, श्वास अडतो. त्यावर दवाखान्यात ॲट्रोपिन लागतं, निंबू नाही.

मग शहाणे लोक बोलले : मजूर निष्काळजी, मास्क लावला नाही. अरे, मास्क देल्ला कोणी? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्याला अंगभर कपडे, हातमोजे, श्वासाचं साधन लिहून ठेवलं आहे. पन्नास वर्षं झाली, आमच्या बांधावर काहून नाही पोचलं? डब्यावर लाल त्रिकोण आणि मुंगीएवढी अक्षरं. ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षराबाहेर ठेवलं, त्यांनी ती वाचावी म्हणे!

आणि मेला तर? शेतकरी अपघाताची सरकारी मदत सातबारा पाहून मिळते. खातेदाराला, नाहीतर त्याच्या घरातल्या एकाला. रोजानं पंप मारणारा कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर आपल्या माणसांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. जमीन नाही भेटली, तिच्यावरचं जहर मात्र वाट्याला आलं.

म्हणून पोरांनो, वस्तीवस्तीत हे सांगा. वाऱ्याच्या उलट फवारू नका. भर उन्हात नको. दोन जहरं कालवू नका. नोझल तोंडानं फुंकू नका. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. नसेल तर पंप उचलू नका. फवारताना बिडी, तंबाखू, भाकर नको. काम झालं की साबणानं अंग धुवा, कपडे वेगळे धुवा. चक्कर आली तर वावरातून बाहेर काढा, कपडे उतरवा, डब्यासकट दवाखान्यात न्या.

एकटा नाही म्हणाला तर मालक दुसरा मजूर पाहील. सगळी वस्ती नाही म्हणाली तर तो कोठून आणील? पुढच्या खरिपाआधी मागा : मालकाच्या खर्चानं साधनं, प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन, आणि मजुराच्या नावानं विमा.