मामांच्या पोटातला गेटर

दसऱ्याला कोंडाण्याला मामांकडे गेलो होतो. कर्जतला उतरून कोंदिवड्याच्या रस्त्याने गेले, की राजमाचीच्या पायथ्याशी हे गाव लागते. मामांचे वय चौऱ्याहत्तर. तरी अंगणात विळ्याला धार लावीत बसले होते. विचारले, "मामा, यंदा फोटो काढून आलात का?" मामांनी ऐकलेच नाही. मामीने मात्र ऐकले.

वाचकांना हा फोटो कसला ते सांगावयास हवे. तीन वर्षांपूर्वी मुतखड्याच्या शंकेने मामांच्या पोटाची सोनोग्राफी झाली आणि निघाले भलतेच. महाधमनीला सहा सेंटिमीटरचा फुगा! एरवी ही धमनी पोटात जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असते. तीनवर गेली की डॉक्टर तिला फुगा म्हणतात, आणि पुरुषांत साडेपाचला पोचली की दुरुस्तीचे बोलू लागतात. बहुधा दुखतखुपत काही नाही. पण फुटला तर बरेचसे रोगी इस्पितळापर्यंतही पोचत नाहीत. उतारवयातले पुरुष, त्यातही विडी-सिगारेट ओढणारे, यांच्यामागे हे दुखणे अधिक लागते. मामांनी चाळीस वर्षे विडी ओढली, हे सांगण्याची संधी मामी सोडीत नाही.

या फुग्यापुढे मोठमोठ्यांनी हात टेकले आहेत. १९४८ साली डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी खुद्द आइन्स्टाईनच्या धमनीभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला होता! त्यावर त्यांनी सहा वर्षे काढली. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला, तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया नको म्हणाले आणि गेले. पुढे पोट उघडून फुग्याच्या जागी कृत्रिम नळी शिवण्याची पद्धत रुळली. १९९० साली ब्युनोस आयर्सच्या डॉ. हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून नळी वर सरकवून आतल्या आत बसविली. धातूची जाळी आणि तिला कापड. टायरला फुगा आला की सायकलवाला आतून गेटर घालतो, तसलाच प्रकार. कर्जतपर्यंत जन्मभर सायकल हाणलेल्या मामांना हे डॉक्टरांच्या आधी समजले. मुंबईला नळी बसली आणि चौथ्या दिवशी मामा घरी.

मग अडते कुठे? ब्रिटनमध्ये १९९९ ते २००४ या काळात १,२५२ रोग्यांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. पोट उघडलेल्यांपैकी शेकडा ४.३ महिन्याभरात दगावले; आतून नळी घातलेल्यांपैकी अवघे १.८. पण २०१६ साली पंधरा वर्षांचा हिशेब निघाला, तेव्हा पारडे फिरलेले दिसले. आठ वर्षांनंतर नळीवाल्यांतच मृत्यू अधिक! नळीच्या कडेने रक्त झिरपते, कधी नळीच जागची सरकते, फुगा पुन्हा वाढतो आणि फुटतो, हे त्याचे एक मोठे कारण. सगळेच झिरपणे घातक नसते. काहींवर नुसती नजर ठेवतात. पण नजर ठेवायची तर दर वर्षी सोनोग्राफी किंवा सीटी हवी, आणि तीही जन्मभर. वेळीच कळले तर पुष्कळदा पुन्हा जांघेतूनच दुरुस्ती करता येते.

मामा दोन वर्षे गेलेले नाहीत.

"दुखत नाही, खुपत नाही. मुंबईला जायचे तर सगळा दिवस मोडतो," मामा म्हणाले. मग डोंगराकडे बोट दाखवून, "आमची लेणी दोन हजार वर्षे उभी आहेत. त्यांचा कोण फोटो काढतो रे?"

"मामा, त्या चैत्यातले खांब आठवा. वर छताला चिकटलेले आहेत, खालून किती झिजून गेलेत! फोटो काढला असता तर निदान कळले असते."

मामांनी विळ्यावरून बोट फिरवून धार पाहिली. बोलले काही नाही. लहानपणी त्यांनीच मला खांद्यावर बसवून ते खांब दाखविले होते.

निघताना मामीने माळ्यावरून फाइल काढून थेट माझ्या पिशवीत घातली. "यांच्याजवळ ठेवली तर पुन्हा माळ्यावर जाईल," म्हणाली. दिवाळीआधीच्या सोमवारी सकाळच्या कर्जत लोकलने मामांना घेऊन जायचे ठरले आहे. भातकापणी आटोपली तर, असे मामा म्हणतात. आटोपली नाही तरी, असे मामी म्हणते.