अशक्तपणा नावाचा रोग

‘मागणी तसा पुरवठा’ हे सूत्र आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. ग्राहकाला आपली गरज कळते, तो चार दुकाने हिंडून किंमत पडताळतो आणि मग पैसे मोजतो, अशी त्यामागची गृहीतके असतात. गिरगावातून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने जाताना प्रिन्सेस स्ट्रीटवरील औषधांच्या घाऊक पेढ्यांवरून नुसती नजर फिरविली, तरी ही गृहीतके तेथे किती लंगडी पडतात हे ध्यानात येते. औषधाच्या बाजारात निवड डॉक्टर करतो, पैसे रुग्ण मोजतो, आणि डॉक्टरने काय निवडावे हे त्याच्या कानी घालण्याचा खर्च कारखानदार करतो. हा खर्चही अखेर रुग्णाच्याच बिलात येतो, हे वेगळे सांगावयास नको. अशा बाजारात पुरवठादाराला मागणीची वाट पाहत बसावे लागत नाही. ती त्याला घडविता येते. आणि नवे औषध शोधण्यापेक्षा नवा रोग शोधणे कितीतरी स्वस्त पडते.

पाश्चात्त्य देशांत या धंद्याची चिकित्सा बरीच झाली आहे. लिन पेयर या लेखिकेने १९९२ साली या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याही पूर्वी, १९२०च्या दशकात, अमेरिकेत लिस्टरीन खपावे म्हणून तोंडाच्या दुर्गंधीला भारदस्त लॅटिन धाटणीचे नाव देऊन रोगाच्या पंक्तीला बसविण्यात आले. आणि १९३०च्या दशकात ब्रिटनमधील हॉर्लिक्सच्या जाहिरातींनी माणूस झोपेत असताना त्याची ‘रात्रीची उपासमार’ होते असा शोध लावला. परंतु एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या घराघरांत, घड्याळाच्या शेजारी फळीवर असलेल्या तपकिरी बाटलीत, याहून जुना व याहून चिवट असा एक रोग मुक्कामाला आहे. त्याचे नाव अशक्तपणा.

वस्तुतः अशक्तपणा हे रोगाचे नाव नाही. ते लक्षण आहे. तिसऱ्या पाळीहून परतणाऱ्या लालबागच्या गिरणी कामगाराला तो जाणवे, चाळीचे जिने पाण्याच्या कळशा घेऊन चढणाऱ्या गृहिणीला जाणवे, बाळंतिणीला जाणवे, परीक्षेच्या आधी रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याला जाणवे. प्रत्येकाचे कारण निराळे. एकाला झोप हवी, दुसरीला विसावा हवा, तिसरीच्या रक्तात लोह हवे. बाजाराने या चारही कारणांवर एकच लेबल चिकटविले आणि चौघांच्या हाती एकच बाटली दिली. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, लाकडी फळीची जागा शीतकपाटाने घेतली. बाटली मात्र आहे तेथेच आहे.

या बाटलीत असते काय? बहुधा साखरेचा पाक, ब गटातील काही जीवनसत्त्वे, एखादा क्षार, रंग आणि वास. ज्याचा आहार बरा आहे अशा माणसाचे शरीर ब जीवनसत्त्वांचा जादा भाग लघवीवाटे टाकून देते. ती पिवळीधमक झालेली पाहून ‘औषध लागू पडले’ असे समाधान मानणारे सुशिक्षित लोक प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. पूर्वीच्या अनेक टॉनिकांत मद्यार्कही असे, आणि पहिल्या दोन चमच्यांतच येणाऱ्या तरतरीचे श्रेय जीवनसत्त्वांना जाई. या मद्यार्काला मुंबईत एक गमतीदार कायदेशीर इतिहास आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला बालसरा खटल्यात आव्हान दिले गेले, तेव्हा १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी उचलून धरली, परंतु मद्यार्क असलेल्या औषधी व प्रसाधनी द्रव्यांवरील बंदी अवैध ठरविली. कायद्याच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. त्याचा परिणाम मात्र असा, की ज्या घरात दारूचा थेंब चालत नसे, त्या घरात टॉनिकाचा चमचा निःशंकपणे चालला.

बाटलीने काम भागेना तेव्हा सुई आली आणि सुईनंतर सलाइन. ‘एक बाटली चढवून द्या, डॉक्टर’ ही मागणी परळपासून थेट खेड्यापाड्यांपर्यंत ऐकू येते. साधे सलाइन म्हणजे एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. ग्लुकोजची पाच टक्क्यांची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर. अतिसाराने किंवा रक्तस्रावाने खंगलेल्या रुग्णाला ते जीवदान देते, याविषयी वाद नाही. पण जो माणूस पायांनी चालत दवाखान्यात आला आहे, जो घोटभर चहा पिऊ शकतो, त्याच्या शिरेतून पाच-सहा चमचे साखर सोडून त्याला शक्ती मिळते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. हे डॉक्टरांना ठाऊक नाही असे नाही. रुग्णच मागतो, न दिल्यास शेजारच्या दवाखान्यात जातो, असा त्यांचा बचाव असतो आणि तो अगदीच खोटा नाही. परंतु रुग्णाला ही सवय कोणी लावली, हा प्रश्न त्याने निकालात निघत नाही.

एवढ्यावरच थांबले असते तर ही फसवणूक निरुपद्रवी म्हणून सोडून देता आली असती. लोक कपाळाला बाम लावतात, तसेच चार चमचे टॉनिक घेतात, असे म्हणून आपण पुढे गेलो असतो. तसे म्हणता येत नाही. कारण आपल्या देशात अशक्तपणाची खरी कारणेही विपुल आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यावरचा प्राथमिक उपाय म्हणजे लोह व फोलिक आम्लाची साधी गोळी, जी शासकीय योजनेत विनामूल्य मिळते. गर्भवतीला साठ मिलिग्रॅम लोहाची ही गोळी १८० दिवस रोज द्यावी असे योजनेत ठरलेले आहे. तिच्याबरोबर हवी हिमोग्लोबिनची तपासणी, आणि लोह देऊनही रक्त वाढत नसेल तर त्याच्या कारणाचा शोध. टॉनिकाची बाटली नेमका हा शोधच थांबविते. तिच्या वेष्टनावर डाळिंबे व द्राक्षे असतात. एका चमच्यात लोह किती, हे मात्र इवल्याशा अक्षरांत असते. महिन्याला दोन बाटल्या घेणारी घरकामगार स्त्री आपण उपचार घेत आहोत अशाच समजुतीत असते.

क्षयाचे याहून गंभीर आहे. भूक मंदावणे, वजन उतरणे, संध्याकाळी कणकण येणे, गळून जाणे या तक्रारी घेऊन माणूस शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयापर्यंत पोचतो, तेव्हा वाटेत किती बाटल्या संपलेल्या असतात याचा हिशेब कोणी मांडत नाही. क्षयाचे औषध राष्ट्रीय कार्यक्रमात फुकट मिळते. फुकट औषधापर्यंत जाण्याआधी विकत घेतलेले निरुपयोगी औषध आड येते, आणि त्या अवधीत दहा बाय बाराच्या खोलीत झोपणाऱ्या इतरांनाही जंतूंचा प्रसाद मिळतो.

आता प्रश्न असा, की इतक्या कारखान्यांना याच वाटेने जावेसे का वाटले? सगळेच कारखानदार लबाड, असे उत्तर देणे सोपे आहे, पण अर्थशास्त्राच्या माणसाने ते देऊ नये. येथे सरकारी धोरणाचा वाटा मोठा आहे. १९७४ साली नेमलेल्या जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला. अत्यावश्यक औषधांची यादी करा, टोपणनावे टप्प्याटप्प्याने काढून मूळ नावांनीच औषधे विका, अशा तिच्या शिफारशी होत्या. पुढे सरकारने प्रारंभ म्हणून पाचच औषधांची व्यापारी नावे रद्द करण्याचे ठरविले. त्या पाचांत फेरस सल्फेट, म्हणजे रक्तक्षयावरचे तेच स्वस्त लोह होते! कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि १९८२ साली तो आदेश रद्द झाला. लोहाला साध्या नावाने विकले जाऊ द्यायचे नाही यासाठी एवढा खटाटोप का करावा लागला, हे वाचकाने स्वतःशीच ताडून पाहावे.

दुसरीकडे १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने ३४७ मूळ औषधे नियंत्रणाखाली आणली. त्यात जीवरक्षक औषधांवर उत्पादन खर्चाच्या ४० टक्के, पुढच्या वर्गावर ५५ टक्के, त्याहून कमी महत्त्वाच्यांवर १०० टक्के अधिक आकारण्यास मुभा होती, आणि उरलेल्यांवर कसलेच बंधन नव्हते. हेतू उदात्त होता. पण औषध जितके गरजेचे तितका नफा कमी आणि जितके अनावश्यक तितका अधिक, अशी ही उतरंड झाली. भांडवल उताराकडे वाहते. ते क्षयाच्या औषधांतून निघून टॉनिके, खोकल्याची मिश्रणे आणि जीवनसत्त्वांच्या कॅप्सुलांकडे वळले, तर नवल कसले? पुढे १९८७ साली नियंत्रित औषधे १४२ वर आली, १९९५ साली ७४ वर. २०१३ च्या आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील तयार औषधांना कमाल किंमत लावली. तेव्हा यादीतील औषधात यादीबाहेरचे एखादे द्रव्य मिसळले की त्या कमाल किमतीतून सुटका होते, हा मार्ग सापडला. त्याहून नवी वाट म्हणजे बाटलीला औषधाऐवजी अन्नपदार्थाचा परवाना घेणे. मग ती ‘पूरक आहार’ होते. रोग बरा करते असे तिच्यावर छापता येत नाही हे खरे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिचे नाव येत राहिले, तर छापण्याची गरज काय?

यावर इलाज नव्हता असे नाही. बांगलादेशासारख्या आपल्याहून गरीब देशाने १९८२ साली, डॉ. झफरुल्ला चौधरी यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने, टॉनिके व निरर्थक मिश्रणे धरून सुमारे १,७०० औषधे बाजारातून काढावयाचे ठरविले, आणि बड्या देशांच्या दडपणाला न जुमानता पुष्कळ अंशी ते पार पाडले. आपल्याकडे बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने मिश्रणांची छाननी केली व तिच्या आधारे मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली. मग न्यायालये झाली. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा नव्याने बंदी घालावी लागली. अडीच वर्षे! तेवढ्या काळात ज्यांनी ती गिळली त्यांचे पैसे कोणी परत केल्याचे ऐकिवात नाही.

अशक्तपणाची भावंडेही याच पाळण्यात वाढली. ‘मूल जेवत नाही’ ही कोणत्याही आईची तक्रार. तिच्यावर तोडगा म्हणून ब्युक्लिझिन या मूळच्या अँटिहिस्टामिन औषधाला भूक वाढविणारे म्हणून आपल्याकडे मान्यता मिळाली. २०१२ साली संसदेच्या स्थायी समितीने औषध नियंत्रण यंत्रणेवर जे ताशेरे झाडले, त्यांत हे प्रकरण होते. मनाच्या उदासीवर खपणाऱ्या डीनक्झिटचेही होते. ते बनविणारी कंपनी डेन्मार्कची, आणि खुद्द डेन्मार्कमध्ये त्याला परवानगी नव्हती.

आकड्यांच्या रोगांविषयी मात्र जपून बोलले पाहिजे. उपाशीपोटीच्या साखरेची ‘सीमारेषा’ २००३ साली अमेरिकन मधुमेह संघटनेने ११० वरून १०० वर आणली, जागतिक आरोग्य संघटनेने ती ११० वरच ठेवली. म्हणजे १०५ साखर असलेला दादरचा कारकून एका मोजमापाने निरोगी आणि दुसऱ्याने रोगाच्या उंबरठ्यावर. ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या सवलतीच्या जाहिराती या उंबरठ्यावरच दुकान थाटतात. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही आढळले, हेही विसरून चालणार नाही. ज्याला खरोखर मधुमेह वा रक्तदाब आहे त्याने या लेखाचा आधार घेऊन गोळ्या सोडल्या, तर तो टॉनिक पिणाऱ्याहून मोठा अविचार ठरेल. संशय घ्यावयाचा तो रोगावर नव्हे, रोगाची व्याप्ती वाढवीत नेणाऱ्याच्या हिशेबावर.

तो हिशेब एकदा न्यायालयासमोर उघडा पडला. एपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने ‘झिंकोविट’ या पूरक औषधाविषयी डॉक्टरांत ‘जागृती’ करण्यासाठी केलेला ४ कोटी ७२ लाखांहून अधिक खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून प्राप्तिकरातून वगळावा, अशी मागणी केली होती. त्या जागृतीत सोन्याची नाणी, दूरचित्रवाणी संच, शीतकपाटे व लॅपटॉप होते. डॉक्टरांनी भेटी घेण्यास वैद्यक परिषदेची मनाई आहे, ती कंपन्यांना लागू नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. न्या. उदय लळित व न्या. रवींद्र भट यांच्या पीठाने तो फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळला.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधविक्रीची नवी आचारसंहिता जाहीर केली. भेटवस्तू व सहली तीत निषिद्ध आहेत. तक्रार मात्र करावयाची ती कारखानदारांच्याच संघटनेच्या नीतिसमितीकडे, आणि दोषी कंपनीला ती समिती संघटनेतून निलंबित करू शकते वा काढून टाकू शकते. यांपैकी मोठ्या संघटनांची कार्यालये मुंबईतच आहेत; लालबागहून बसने जाता येईल. पण तीन महिने टॉनिक घेतलेली ती घरकामगार स्त्री तेथे जाऊन काय सांगणार? पहिले चार दिवस तिला बरे वाटले होते. त्यानंतरच्या थकव्याचा संबंध ती घेतलेल्या बाटलीशी लावीत नाही. आपण बाटली वेळेवर घेतली नाही, असेच ती समजते.