संगणकाशी खेळून नॉर्म मिळत नाही

म्हापशापासून काही किलोमीटरवरील हडफडे येथे २०२५च्या नोव्हेंबरमध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक रंगला. २०६ खेळाडू, बाद पद्धत आणि विश्वविजेता डी. गुकेश तिसऱ्याच फेरीत गारद. अखेर उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोव्हने चीनच्या वेई यी याला टायब्रेकमध्ये नमवले. या सर्वांना हरवू शकेल असा प्रतिस्पर्धी आज कोणाच्याही मोबाईलवर असतो. पटासमोर बसण्याची मुभा मात्र त्याला नसते.

माणूस श्रेष्ठ की संगणक, हा वाद कधीच निकालात निघाला आहे. १९९६ मध्ये फिलाडेल्फियात गॅरी कास्पारोव्हने ‘डीप ब्लू’ला ४-२ असे हरवले, पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो साडेतीन-अडीच असा पराभूत झाला. २००६ मध्ये बॉन येथे तत्कालीन विश्वविजेत्या क्रामनिकला ‘डीप फ्रिट्झ’ची एका चालीतील मात दिसली नाही. ‘गो’ हा पूर्व आशियाई खेळ तरी संगणकाला झेपणार नाही, अशी समजूत होती. २०१६ मध्ये ली सेडोलच्या १-४ अशा पराभवाने तीही मोडीत निघाली.

गोव्याच्या दृष्टीने खरा बदल पुढे झाला. ‘स्टॉकफिश’सारखी अव्वल प्रणाली आज मोफत मिळते. पेडणे किंवा डिचोलीतील मुलाला डावाचे विश्लेषण करण्यासाठी मोठ्या शहरातील प्रशिक्षकाचे दार ठोठवावे लागत नाही. परंतु उंट चुकीच्या घरात गेला, एवढेच संगणक आकड्यांत सांगतो; तो तेथे का नको, हे दहा वर्षांच्या मुलाला उमजेल अशा शब्दांत सांगणारा शिक्षक लागतोच. घरबसल्या संगणकाने सुचवलेल्या चाली घोकणारी मुले प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित खेळी करताच गोंधळतात, ते यामुळेच.

शिवाय किताबाचे गणित निराळे आहे. ग्रँडमास्टर नॉर्मसाठी साधारणतः नऊ डावांत २६०० गुणांकनाच्या तोडीची कामगिरी करावी लागते आणि प्रतिस्पर्ध्यांमध्ये किमान तीन ग्रँडमास्टर असावे लागतात. संगणकाविरुद्धचे हजार डाव येथे कामी येत नाहीत. लिऑन मेंडोन्सा हे याचे बोलके उदाहरण. २०२० मध्ये महामारीमुळे तो वडिलांसह हंगेरीत अडकला. संगणक त्याच्या घरीही होता. पण नॉर्म हाती आले ते युरोपात एकामागून एक स्पर्धा खेळल्यावर, आणि शेवटचा नॉर्म डिसेंबरमध्ये इटलीत मिळाला. त्याआधी २०१७ मध्ये अनुराग म्हामल गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर ठरला होता. प्रत्येक कुटुंबाला असा प्रवास परवडेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

संगणकाने पंचांचे कामही वाढवले आहे. मोठ्या स्पर्धांत धातुशोधक यंत्रातून जावे लागते; तालुका पातळीवर मात्र सारी भिस्त पंचांच्या नजरेवर आणि पालकांच्या सचोटीवर असते. तेथे एका मोबाईलने निकाल फिरू शकतो, म्हणून प्रशिक्षित पंच हा खर्चाचा पहिला विषय असायला हवा.

दुसरा विषय स्पर्धांचा. २०१८ आणि २०१९ मध्ये गोव्यात ग्रँडमास्टर खुली स्पर्धा भरली, तेव्हा परदेशी ग्रँडमास्टर आपल्या दारी आले होते. विश्वचषकाचे यजमानपद एकदाच लाभते. अशी खुली स्पर्धा दरवर्षी भरवता येते, आणि तिच्यात पेडण्याचा मुलगा घरून सकाळच्या बसने येऊन खेळू शकतो.