स्मार्टफोन : भाव आणि टिकाऊपणा

गेल्या चार-पाच वर्षांत आमच्या पेढीवर येणारे आडते, आप्तेष्ट आणि तरुण व्यापारी गहू-ज्वारीच्या भावाची जितकी चौकशी करतात, जवळजवळ तितकीच ‘कोणता स्मार्टफोन घ्यावा’ याचीही करू लागले आहेत. यंत्रशास्त्राचा आमचा अभ्यास नाही. तथापि माल पारखून घेण्याच्या धंद्यातच आयुष्य गेल्यामुळे, विकणारा ज्या गुणांचा पुकारा करतो ते गुण आणि ज्यांवर मालाचे खरे मोल ठरते ते गुण बहुधा निरनिराळे असतात, एवढे आम्हांस उमगले आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा भाव-नियंत्रणावर लिहावे की गोदामांच्या टंचाईवर, असा विचार मनात होता; परंतु दोन वर्षांपूर्वी आमच्याच पेढीवर जे घडले ते सांगितल्यास सभासद बंधूंना त्याचा अधिक उपयोग होईल, असे वाटून हा विषय घेतला आहे.

आमच्या दिवाणजींपाशी पेढीच्या व्यवहाराचा फोन असे. चार वर्षांपूर्वी सुमारे दहा हजारांस घेतलेला. काचेवर ओरखडा नव्हता, बॅटरी दिवसभर पुरत असे, आवाज स्वच्छ. ऐन हंगामात, एका आडत्याची मोठी रक्कम दुपारपूर्वी पोहोचवावयाची असता, बँकेचे ॲप उघडेना. या फोनची प्रणाली जुनी झाली असून ती यापुढे चालणार नाही, एवढाच मजकूर पडद्यावर आला. धावपळ करून नवा फोन आणला, त्यात सिमकार्ड घातले, यूपीआयची नोंदणी पुन्हा केली. तो असे कळले की, नव्या यंत्रावर नोंदणी केल्यावर पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांहून अधिक रक्कम जाऊ देत नाहीत. नियम सुरक्षिततेचा आहे आणि योग्यच आहे. परंतु तीस वर्षांच्या व्यवहारात त्या आडत्याने पैशासाठी आम्हांस एकाच दुपारी तीनदा फोन केल्याचा तो पहिला प्रसंग. अखेर धनादेश घेऊन आम्ही स्वतः त्यांच्या पेढीवर गेलो. त्यांनी चहा पाजला आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. त्यामुळे तर अधिकच संकोच वाटला.

ज्या दुकानातून तो फोन घेतला होता तेथे विचारणा केली. दुकानातील तरुण म्हणाला, “काका, फोनला काही झालेलं नाही. कंपनीने अपडेट देणं बंद केलंय, एवढंच.”

हे ‘एवढंच’ आम्हांस फार महाग पडले. फोनला दोन आयुष्ये असतात हे त्या दिवशी लक्षात आले. एक त्याच्या देहाचे : काच, बॅटरी, बटणे यांचे. दुसरे त्यातील प्रणालीचे, म्हणजे कंपनी जोवर तिच्यातील उणिवा दूर करणारी दुरुस्ती पाठवीत राहते तोवरचे. देह धडधाकट असून प्रणाली संपली तर त्या फोनवर गाणी ऐकता येतील, परंतु पेढीचा पैसा त्याच्या हवाली करणे धोक्याचे. व्हॉट्सॲपनेही ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या फोनांना रजा दिली. असे असता दुकानाच्या काचेवर कॅमेऱ्याचे आकडे हातभर अक्षरांत असतात आणि प्रणाली किती वर्षे चालेल, याचा उल्लेख कोठेही नसतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, फोनचा भाव नुसता वाचू नये. त्यास वर्षांनी भागून वाचावा. वानगीदाखल काही नावे घेतो. गूगलचा पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. भाव ७५,९९९ रुपये आणि वचन सात वर्षांच्या दुरुस्तीचे. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस २४ जानेवारी २०२४ मध्ये ७४,९९९ रुपयांपासून पुढे विकावयास आला. त्यालाही सात वर्षे. त्याच सॅमसंगचा गॅलॅक्सी ए १६ फाइव्ह-जी ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ रुपयांस निघाला आणि त्यास सहा वर्षांचे वचन मिळाले. आता भागाकार करून पाहावा. एस २४ वर्षाला सुमारे १०,७१४ रुपयांस पडतो. ए १६ सुमारे ३,१६६ रुपयांस. आणि ज्यास दोनच वर्षे दुरुस्ती मिळते असा दहा हजारांचा फोन वर्षाला पाच हजारांस! म्हणजे आम्ही ज्याला काटकसर समजत होतो ती काटकसर नव्हतीच.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, स्वस्त फोनास सहा वर्षांचे वचन मिळाले तरी सहाव्या वर्षी तो चपळ राहील असे नाही. त्याचा प्रोसेसर मुळातच बेताचा असतो. आम्ही स्वतः अशा फोनाची पाचच वर्षे धरतो. तरीही हिशेब ३,८०० रुपयांच्या आत येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही वर्षे आपण फोन घेतला त्या दिवसापासून मोजली जात नाहीत, कंपनीने तो बाजारात आणला त्या दिवसापासून मोजली जातात. दिवाळीच्या सवलतीत दोन वर्षांपूर्वीचा नमुना कमी भावात मिळतो तेव्हा त्याची दोन वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात. गेल्या हंगामाचे धान्य गेल्या हंगामाचे म्हणूनच घ्यावे, त्यात वावगे काही नाही. परंतु ते नवे म्हणून विकणे आमच्या बाजारात खपवून घेतले जात नाही.

आयफोनविषयी तरुण मंडळी फार हिरीरीने बोलतात. आयफोन १६ सप्टेंबर २०२४ मध्ये ७९,९०० रुपयांस आला. त्याच्या आयुष्याचा अंदाज घेण्यासाठी जुने उदाहरण पाहणे बरे : २०१८ साली ७६,९०० रुपयांस आलेला आयफोन एक्स-आर दरवर्षी नवी प्रणाली घेत राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली आवृत्ती त्यास प्रथमच मिळाली नाही. सात वर्षे त्याने निभावली. शिवाय सोन्याप्रमाणे या फोनाची मोडही बरी येते. तीन वर्षांनी विकावयास काढला तर इतर फोनांच्या मानाने अधिक रक्कम हाती लागते, हे आमच्या नातवाचे म्हणणे आम्हांस मान्य करावे लागले. परंतु व्यापाराला लागणारी कामे, म्हणजे भाव कळविणे, रक्कम पाठविणे, ई-वे बिल काढणे, हिशेब पाहणे, ही वीस हजारांचा फोनही करतो. बाकीचे साठ हजार कशाचे, याचे उत्तर घेणाऱ्याने स्वतःशी द्यावे. हौस असेल तर ती हौसेच्या खात्यात लिहावी, पेढीच्या खर्चात नव्हे.

आता जाहिरातीतील मापांविषयी. खोक्यावर १२८ जीबी असे छापलेले असते. फोन सुरू करून पाहिला की त्यातील बरीच जागा प्रणालीनेच व्यापलेली दिसते. आमच्या भाषेत हे बारदानासकट वजन झाले. निव्वळ वजन वेगळे. त्याहून गंमत रॅमची. ‘१६ जीबी’ असे मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत ‘८ अधिक ८’. यातील दुसरे आठ म्हणजे साठवणीच्या जागेतूनच उसने घेतलेले आणि खऱ्या रॅमच्या मानाने पुष्कळच मंद असतात. एकाच थप्पीतील पोती दोनदा मोजण्याचा हा प्रकार आहे. कॅमेऱ्याचे तसेच. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा सामान्यतः सोळा-सोळा बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र काढतो. यात फसवणूक नाही. अंधुक प्रकाशात चित्र त्यामुळे चांगले येते. परंतु २०० या आकड्यासाठी जादा पैसे मोजणाऱ्याने हे जाणून असावे. आणि व्हॉट्सॲपवरून पाठविताना ते चित्र आणखी आक्रसते ते निराळेच.

कॅमेऱ्याचा एक दोष मात्र आमच्या धंद्यास थेट बाधतो आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. हे फोन रंग आपणहून खुलवितात. लग्नसमारंभात ते गोड वाटते. गव्हाच्या नमुन्याला ते घातक आहे. फिका दाणा चित्रात सोनेरी दिसतो, माल पोहोचल्यावर घेणारा हटकतो आणि खोटे कोण बोलले हा प्रश्न निघतो. आम्ही नमुन्याचे चित्र दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून काढतो आणि सौदा प्रत्यक्ष नमुना पाहिल्याखेरीज पक्का करीत नाही. कोणता फोन रंग कमीत कमी बदलतो, हे दुकानात उभे राहून हातातील मूठभर दाण्यांवर पाहून घेता येते. आम्ही असे केले तेव्हा दुकानातील मुले हसली. हसोत बापडी.

टिकाऊपणाच्या बाबतीत ‘आय-पी’ हे अक्षर आणि त्यापुढील दोन अंक पाहावेत. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. लोक दुसराच पाहतात. गोदामवाल्याने पहिला पाहावा. आय-पी ६८ यातील सहा म्हणजे धूळ आत मुळीच शिरत नाही; वर सांगितलेल्या ए १६ चा अंक ५४ आहे, म्हणजे धूळ शिरली तरी कामात बिघाड होण्याइतकी शिरत नाही. पोती उलटताना जो भुसा उडतो तो फोनच्या स्पीकरच्या आणि चार्जिंगच्या भोकांत जाऊन बसतो, हे आपणांस सांगावयास नको. पाण्याच्या अंकाविषयी एवढेच ध्यानात ठेवावे की, ती चाचणी प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात झालेली असते, आणि पाणी शिरून फोन बिघडल्यास बहुतेक कंपन्यांच्या हमीपत्रात त्याची भरपाई नसते. काच कितीही नामांकित असली तरी वाळूपुढे हरते, कारण वाळूतील गारेचा कण काचेहून कठीण असतो. धान्यातील कचरा ज्या खिशात जातो त्या खिशात फोन ठेवू नये. आणि काचेवर साधे संरक्षक आवरण लावून घ्यावे.

बॅटरी सर्वप्रथम थकते. ॲपलच्याच सांगण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या फोनांची बॅटरी ५०० वेळा पूर्ण भरून रिती झाल्यावर मूळ शक्तीच्या ऐंशी टक्क्यांवर येते. आयफोन १५ पासून हा आकडा १,००० आहे. पत्र्याच्या गोदामातील उन्हाळा त्यास अधिक लवकर थकवितो. म्हणून फोन घेतानाच बॅटरी बदलण्याचा खर्च किती आणि ती अस्सल मिळेल कोठे, हे विचारून ठेवावे. ज्याचे सुटे भाग आपल्या गावात मिळत नाहीत तो फोन कितीही उत्तम असला तरी आपल्यासाठी अर्धाच उत्तम.

युरोपीय संघाने या सर्व गोष्टी कायद्यात आणल्या. २० जून २०२५ पासून तेथे विकावयाच्या फोनाची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षे प्रणालीची दुरुस्ती आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग देणे कंपनीवर बंधनकारक झाले; फोन पडल्यास कितपत टिकतो आणि दुरुस्त होण्यास किती सोपा, याची चिठ्ठीही त्याबरोबर असते. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ उघडले आणि वस्तू दुरुस्त होण्यास किती सुलभ आहे याचा निर्देशांक ठरविण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये समिती नेमली. दिशा चांगली आहे. परंतु धान्याच्या बंद पिशवीवर निव्वळ वजन, महिना आणि वर्ष छापले नाही तर ज्या व्यापाऱ्यास दंड होतो, त्याने फोनच्या खोक्यावर ‘दुरुस्ती अमुक वर्षापर्यंत’ एवढी एक ओळ मागितली तर ती गैरवाजवी कशी? एप्रिल २०२० पासून फोनवरील जीएसटी बारावरून अठरा टक्के झाला; आणि सुटे धान्य करमुक्त असल्याने निव्वळ त्याचाच व्यापार करणाऱ्यास त्या कराची वजावटही मिळत नाही. पूर्ण कर भरणाऱ्यास पूर्ण माहिती मिळावी.

सर्वांनाच मोठा फोन लागतो असे मात्र आम्ही म्हणत नाही. आमच्या गोदामावरील हमालांपैकी दोघे बटणांचाच फोन वापरतात आणि मार्च २०२२ पासून सुरू झालेल्या यूपीआय १२३ पे या सोयीने त्यावरूनही पैसे पाठविता येतात. तो फोन थप्पीवरून खाली पडला तर उचलून पुसतात आणि पुन्हा खिशात ठेवतात. पेढीवर मात्र आम्ही आता दोन फोन ठेवले आहेत. दोन्हींवर बँकेचे ॲप चालू आहे आणि दिवाणजींच्या रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर दोन्हींच्या दुरुस्तीचे अखेरचे वर्ष लिहिले आहे. त्या वर्षाच्या आधीच्या दिवाळीला ते बदलावयाचे असे ठरले आहे.

आपल्या असोसिएशनच्या कार्यालयातील फळ्यावर रोजचे बाजारभाव लागतात. त्याच फळ्याच्या एका कडेला बाजारात असलेल्या फोनांचे नाव, भाव आणि दुरुस्तीचे अखेरचे वर्ष लिहिण्याची व्यवस्था व्हावी, अशी विनंती आम्ही चिटणीसांकडे केली आहे. पहिली यादी करून देण्याचे काम आम्ही अंगावर घेतो. सभासद बंधूंनी आपापल्या फोनचे नाव आणि खरेदीचा महिना एका चिठ्ठीवर लिहून कार्यालयात द्यावा.