गाडी उभी, तर इंजिन बंद!
शेअर गाड्यांचे चालक आणि प्रवासी यांना कळकळीचं आवाहन



सांगली-साताऱ्याकडचं वडाप असो, मराठवाड्यातली काळी-पिवळी असो की कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेरची शेअर रिक्षा, या गाड्यांवाचून आपलं पान हलत नाही. एसटी जिथे दिवसातून दोनदाच येते, तिथे कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका, दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं या गाड्यांच्याच भरवशावर असतात. म्हणूनच या गाड्यांचं इंधन उभ्या जागी जळताना गप्प बसवत नाही.

सकाळी कुठल्याही स्टँडवर पाहा. जीपमध्ये चार सीट बसल्यात, अजून चार-पाच हव्यात. तोवर इंजिन धडधडत असतं. चालक हाफ क्लचवर गाडी हातभर पुढे घेतो, पुन्हा मागे घेतो, हॉर्न वाजवतो आणि ओरडतो, ‘चला, सुटली, सुटली!’ शेजारची गाडीही तेच करते. यात दोष एकट्या चालकाचा नाही. बंद गाडीत आपण बसत नाही, सुरू असलेलीच गाडी आधी सुटणार असं धरून चालतो. आपल्याला बोलावण्यासाठीच ते इंजिन चालू असतं.

हिशेब करा. डिझेल जीप उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा लिटर डिझेल पिते. स्टँडवरच्या २० गाड्या दिवसभरात मिळून प्रत्येकी एक तास अशा चालल्या, तर रोज १० लिटर, वर्षाला ३,६५० लिटर गेले. लिटरला ९० रुपये धरले तरी एका गाडीमागे वर्षाला १६ हजारांवर रुपये होतात. ‘डिझेलचा खर्चही सुटत नाही’ म्हणणाऱ्या चालकाला ही रक्कम थोडी नाही. शेवटी भाडं वाढतं आणि ते आपल्याच खिशातून जातं. शिवाय देशाला लागणारं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि धूर जातो तो रांगेतल्या लेकरांच्या नाकातोंडात.

चालक बंधूंनो, स्टँडवर नंबर लावा. ज्याचा नंबर, त्याचीच गाडी भरेल, बाकीच्यांची इंजिनं बंद राहतील. नंबर पाळला गेला की सीटसाठी ओढाताण राहत नाही आणि मोकळ्या गाडीने गावभर घिरट्याही घालाव्या लागत नाहीत. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर चावी फिरवा. टायरमधली हवा दर आठवड्याला तपासा, कारण हवा कमी असली की गाडी जड चालते. एअर फिल्टर वेळेवर साफ करा. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका.

प्रवाशांनो, नंबरच्या गाडीतच बसा, मग ती बंद का असेना. आपापल्या दारात गाडीला हात करू नका. चार पावलं चालून ठरल्या थांब्यावर एकत्र उभे राहा, कारण दर थांब्यानंतर गाडीला पुन्हा पहिल्या गिअरपासून वेग घ्यावा लागतो आणि तिथे इंधन सर्वांत जास्त जातं. सुटे पैसे आधीच काढून ठेवा. पाचशेची नोट मोडेपर्यंत सगळी गाडी खोळंबते, इंजिन मात्र चालूच.

ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनो, थांबे पक्के करा, तिथे सावली आणि पाण्याची सोय करा. रिक्षा आणि जीप संघटनांनी नंबरची वही याच आठवड्यात सुरू करावी.

यासाठी कुठल्या योजनेची, अनुदानाची वाट पाहायची गरज नाही. उद्या सकाळी स्टँडवर उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं, तर चालकाला आपुलकीने सांगा, ‘दादा, इंजिन बंद करा, आम्ही बसतोय.’ आणि खरोखरच बसा.

आपल्यातलाच एक प्रवासी