कंबर पुन्हा पुन्हा का धरते?

नगरमधल्या केडगावजवळच्या नेप्ती उपबाजारात कांद्याचा लिलाव असतो त्या दिवशी थोडा वेळ उभं राहून पाहावं. टेम्पो-पिकअप रिकामे होत असतात आणि पन्नास किलोच्या आसपासची प्रत्येक गोणी कुणाच्या तरी पाठीवरून जागेवर जात असते. हमाल गुडघ्यात जरासा वाकतो, दोघं जण गोणी पाठीवर टेकवतात, त्याचा एक हात मागे जातो आणि तो पळाल्यासारखी पावलं टाकत निघतो. गोणी घेताना सहसा काही होत नाही. अंगाला पीळ देऊन ती थप्पीवर सोडताना मात्र एखाद्या दिवशी कमरेत चमक निघते आणि माणूस जागच्या जागी वाकडा होतो.

पुढचा प्रवास केडगावातल्या बहुतेक घरांना पाठ आहे. उसण भरली म्हणून आधी पायाळू माणसाला शोधायचं आणि पाठीवर पाय लावून घ्यायचा. मग इंजेक्शन, मग मेडिकलमधून कमरेचा पट्टा, मग चार दिवस मशिनचा शेक. आठवड्याभरात माणूस कामावर, आणि दोन-चार महिन्यांनी तीच कंबर, तीच चमक. सुप्याच्या एमआयडीसीत रोज दुचाकीने जाणारा कामगार, वाफ्यात दिवसभर वाकून कांद्याची लागण करणारी बाई, मोबाइलवर मान घालून बसणारा कॉलेजचा पोरगा, सगळ्यांची हीच कथा. दुखणं थांबलं की उपचारही थांबतो आणि कमरेची, मानेची ताकद होती तिथेच राहते. पुनर्वसनाचं खरं काम दुखणं थांबल्यानंतर सुरू होतं आणि नेमकं तेच आपल्याकडे होत नाही.

त्यात एमआरआयचा कागद हातात पडतो. ‘मणक्यात गॅप आला’, ‘गादी सरकली’ हे शब्द घरात शिरले की माणूस वाकायलाच घाबरतो. कंबर कधीच न दुखलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या सुमारे 37 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरातल्या लोकांत हे प्रमाण 96 टक्के होतं. यातल्या कुणालाही दुखत नव्हतं. केस पिकावेत तशीच ही झीज बहुतेकांच्या अंगात असते. एवढं एक वाक्य डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, तरी पेशंटची निम्मी भीती जाईल.

आता हातांनी मणके ‘बसवण्या’विषयी. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी 1895 साली झाली. डॅनियल डेव्हिड पामर या माणसाने एका सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याची गेलेली श्रवणशक्ती परतली, असं तो सांगत असे. सगळे आजार मणक्यातून येतात हा त्याचा दावा विज्ञानाने केव्हाच बाजूला ठेवला आहे. कमरेच्या बाबतीत मात्र हाताच्या उपचाराला थोडं बळ मिळालं. जुनाट कंबरदुखीवरच्या 47 चाचण्यांचा आढावा 2019 मध्ये आला. मणक्यांना हाताने दिलेल्या झटक्याचा गुण इतर मान्य उपचारांइतकाच येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. जास्त नाही आणि कमीही नाही.

म्हणून जाणकाराने कमरेवर असा उपचार केला तर त्याला विरोध करण्याचं कारण नाही. उपचारानंतर कंबर मोकळी वाटते त्या दोन-तीन दिवसांत माणूस हालचाल आणि व्यायाम सुरू करू शकतो, हा त्याचा मोठा फायदा. पण करणारा कोण आहे, हे पाहायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शिकेत कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान 4200 तासांची अपेक्षा ठेवली आहे. भारतात या शाखेसाठी कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र परिषद नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही संकोच नको. व्हिडिओत ‘कडक्’ आवाज ऐकून भुलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की तो आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. मणका जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

मानेचं प्रकरण वेगळं आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलं की आयुष्य बदलतं. लॉस एंजेलिसमध्ये 2016 साली केटी मे या तरुण मॉडेलचा मृत्यू मानेवरच्या अशाच उपचारानंतर झाला आणि तिथल्या शवचिकित्सा अधिकाऱ्यांनी तसं नोंदवलं. दाढी झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती आजपासून बंद करावी.

पट्ट्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. समजावून सांगणं, व्यायाम आणि हाताचे उपचार यांना तिने मान्यता दिली. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढ देणं हे मात्र नेमाने वापरू नये, असं सांगितलं. आपल्याकडे नेमके हेच दोन उपाय सर्रास चालतात.

चालण्यासारखी फुकटची गोष्ट किती उपयोगी पडते, हे ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत दिसलं. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 लोकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत चालायला लावलं. काहीच न केलेल्यांपैकी निम्म्यांची कंबर 112 दिवसांत पुन्हा धरली, चालणाऱ्यांत त्याला 208 दिवस लागले. 2024 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

आणि वाकायचं कसं, तेही शिकता येतं. एक काठी पाठीला उभी लावायची. ती डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे सैल सोडून बैठक मागे न्यायची आणि काठीचा एकही टेकू न सुटता पुढे झुकायचं. पहिल्या दिवशी काठी डोक्यापासून सुटतेच. पंधरा दिवसांत मांड्या आणि कुल्ले काम करू लागतात आणि कमरेवरचा भार उतरतो. घमेलं उचलणाऱ्या बाईला आणि गोणी उचलणाऱ्या हमालाला ही एक हालचाल महिन्याच्या गोळ्यांहून जास्त उपयोगी आहे. लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल लुळं पडू लागलं किंवा ताप येऊन पाठ दुखू लागली, तर मात्र काठी, मालीश सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं.

हे शिकवणारी माणसं जिल्ह्यात आहेत. विळद घाटात आणि लोणीत फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. अडचण पैशाची आणि पोहोचण्याची आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. ऑपरेशन टाळणाऱ्या सहा आठवड्यांच्या व्यायामासाठी हमालाला रोजंदारी बुडवून स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागतो. माथाडी कायदा 1969 चा, म्हणजे पाठीवर ओझं वाहणाऱ्यांची जबाबदारी या राज्याने फार पूर्वी मान्य केली आहे. बाजार समिती आणि माथाडी मंडळाने मिळून लिलावाच्या दिवशी नेप्तीत दोन तास एक फिजिओथेरपिस्ट बसवावा. विळद घाट आणि नेप्ती ही दोन्ही ठिकाणं एकाच नगर तालुक्यात आहेत.